हात आवरणारा माणूस

तिनं त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत डोक्याच्या वर उचललेला घण होता आणि तो खाली यायला निघालेला होता.

ती कात्री घेऊन आली होती. कापड कापायची लांब कात्री होती ती. मधली खीळ ढिली झाल्यामुळे पाती एकमेकांना धरत नव्हती. ट्रकच्या कमानीचे पाटे दुरुस्त करणारं ते दुकान हमरस्त्याच्या कडेला होतं. ट्रक दिवसभर धावत आणि अंधारलं की थांबत, त्यामुळे तिथली भट्टी संध्याकाळी पेटायची आणि उजाडल्यावर विझायची. ती पोचली तेव्हा नुकताच पहिला पाटा लालभडक होऊन ऐरणीवर आला होता. मिस्त्रीच्या एका हातात पाटा धरलेली सांडशी होती, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. मिस्त्री पाट्यावर जिथे टक् करी, तिथे समोरचा दांडगा तरुण घण घाली. टक्, धाड. टक्, धाड. दोघांत एक शब्द नाही. काम थांबवायचं असलं की मिस्त्री हातोडी रिकाम्या ऐरणीवर आडवी सोडून देई. ती टिण् टिण् टिण् करत उसळून निजे आणि तो तरुण घण खाली ठेवी.

एवढ्यात सांडशी सटकली. पाटा गर्रकन फिरला, त्याला सावरायला मिस्त्री पुढे झुकला आणि त्याचं मनगट ऐरणीवर आलं. घण तर वरून सुटला होता.

त्या तरुणानं तो हवेतच वळवला. त्याच्या खांद्यात काहीतरी कडकन मोडल्यासारखं वाजलं, ते तिला उंबऱ्यात उभं राहून ऐकू आलं. घण मिस्त्रीच्या बोटांना वारा घालत गेला आणि तिच्या चपलेजवळ जमिनीत रुतला.

मिस्त्रीनं आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला. मग ओरडला, "कापसा! पाटा थंड झाला की रे!"

"हो मिस्त्री," तो तरुण म्हणाला. खांदा धरून तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

एवढ्या मोठ्या देहाला कापूस हे नाव मिस्त्रीनंच ठेवलेलं. दिसायला गठ्ठा आणि हात लावला तर मऊ, असं त्याचं म्हणणं. ती कात्री घेऊन घरी गेली, पण त्या रात्री तिच्या डोक्यात कात्री नव्हती. तिच्या वडिलांचा हात एकदा उठला की कधी कुणासाठी थांबलेला तिनं पाहिला नव्हता. आईच्या पाठीवर, तिच्या, धाकट्या भावाच्या, हातात येईल त्यानं. आणि इथे एका माणसानं स्वतःचा खांदा मोडून घेतला होता, पण हात आवरला होता. तिनं त्याच्याशी लग्न केलं ते एवढ्या एका गोष्टीसाठी. बाकीचं सगळं, म्हणजे त्याचं कमी बोलणं, चहात साखर विरघळेपर्यंत चमचा फिरवत बसणं, मुलीच्या बाहुलीचे हात-पाय पुन्हा पुन्हा जोडून देणं, हे सगळं तिला वरकमाईसारखं मिळालं.

पुढची बरीच वर्षं त्यांच्या घरात रात्र दिवसा असे. तो सकाळी काळवंडून घरी येई, आंघोळ करून जेवे आणि आतल्या खोलीत जाड पडदा ओढून झोपे. ती बाहेरच्या खोलीत शिंप्याकडून आलेल्या सदऱ्यांना काजं करत बसे. मुलगी लहान होती तेव्हा ती शाळेतून येऊन चवड्यांवर चाले; मग ती मोठी झाली, लग्न होऊन लांबच्या गावी गेली, आणि घरात फक्त सुई-दोरा आणि आतलं संथ घोरणं उरलं.

पन्नाशी ओलांडल्यावर त्याच्यात बारीकसारीक फरक दिसू लागले. एकदा दूध करपून घरभर धूर झाला, तरी तो शेजारच्या खुर्चीवर स्वस्थ बसलेला.

"अहो, नाक कुठे गहाण टाकलंत?" ती म्हणाली.

"भट्टीत जळलं असेल," तो म्हणाला.

झटकन उठला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येई आणि तो भिंतीला हात लावून उभा राही. वय झालं, दोघंही म्हणाली.

पहिला ठोसा बसला तो सुट्टीच्या दुपारी. ती त्याच्या शेजारी कुशीवर पडली होती, नुकता डोळा लागला होता. कानाखाली असा तडाखा बसला की क्षणभर छतच कोसळलं असं तिला वाटलं. उठून पाहते तर तो गुडघ्यांवर बसून उशीचा गळा आवळत होता. डोळे मिटलेले. दात खाऊन शिव्या देत होता, अशा शिव्या की ज्या तिनं त्याच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकल्या नव्हत्या.

"अहो! अहो, उठा!"

तो लगेच उठला. स्वच्छ जागा झाला, इकडेतिकडे पाहू लागला.

"कुत्रे होते," तो म्हणाला. "चार-पाच. मोठे."

"कुत्र्यांना मारलंत आणि लागलं मला," ती गाल चोळत म्हणाली, आणि दोघंही हसली. त्या हसण्याची पुढे तिला फार आठवण येई.

कारण कुत्रे पुन्हा आले. नंतर माणसं आली. आठवड्यातून कधीतरी, मग बऱ्याचदा, दुपार कलायला लागली की आतून धडाधड आवाज सुरू होई. त्यानं एकदा लाथेनं कपाटाचा आरसा फोडला आणि पायाला टाके पडले. एकदा भिंतीवर ठोसे मारून करंगळी मोडून घेतली. एकदा ती पांघरूण उचलायला वाकली, तर त्यानं तिचे केस मुठीत धरून डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं. समोरचा दात हलायला लागला. दर वेळी तो तत्काळ जागा होई, समोर काय झालं आहे ते पाही आणि पांढराफटक पडे. मग तो स्वयंपाकघरात जाऊन फडकं ओलं करून आणी, तिच्या ओठावर धरी. धरताना त्याचा हात इतका हलका असे की आपल्याला मारणारा हात तो हाच, हे तिला पटत नसे.

"काय दिसतं हो तुम्हाला?" ती विचारी.

"काही नाही. मारामारी."

"कोणाशी?"

तो उठून फडकं धुवायला जाई.

त्यानं आपली मनगटं पट्ट्यानं पलंगाला बांधून पाहिली. तो पलंगासकट उलथला. मग तीच दुपारी आत जाणं टाळू लागली. पण भिंतीपलीकडे आपला माणूस स्वतःला ठेचून घेत असताना काजं करत बसणंही जमत नव्हतं. शेजारीण जिन्यात भेटली की तिच्या ओठाकडे बघे आणि काहीच न विचारता म्हणे, "आमच्याकडे ये हं कधीही." ती मान हलवी. घरी येऊन न्हाणीतल्या आरशापुढे उभी राही, आणि आरशात तिला तिची आई दिसे.

ज्या दुपारी सगळं विस्कटलं, त्या दुपारी तिनं शहाणपणा केला होता. जवळ जायचं नाही, लांबूनच उठवायचं, असं ठरवून ती स्वयंपाकघरातला पोलादी डाव घेऊन आत गेली. तो उताणा पडून हवेत हात फेकत होता. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिनं लोखंडी दांडीवर डाव वाजवला.

टक्.

त्याचे हात थांबले. ती सुटकेचा श्वास सोडणार तोच तो उठून गुडघ्यांवर आला, आवाजाच्या दिशेला वळला, दोन्ही हातांची एक मूठ केली आणि डोक्यामागे नेली. तिला अजून वाटत होतं की तो जागा होतोय. म्हणून तिनं पुन्हा वाजवला.

टक्.

दोन्ही हात खाली आले ते पूर्ण ताकदीनं. गळ्याच्या खाली, डाव्या बाजूला. हाड मोडल्याचा आवाज तिच्या आतून आला. ती खाली पडली आणि तो तिच्यावर कोसळला, पुन्हा मूठ वळून. तिनं उजवा हात त्याच्या छातीवर टेकवून त्याला ढकललं आणि तेव्हा तिला ते कळलं. तिच्या तळहाताखाली त्याचं हृदय चालत होतं. सावकाश, एका लयीत, जेवण करून आरामखुर्चीत बसलेल्या माणसाचं चालावं तसं.

तिच्या वडिलांना राग येई तेव्हा त्यांच्या गळ्यावरची शीर ताडताड उडे, मान लाल होई, घाम फुटे. लहानपणी ती त्या शिरेकडे बघून पळायचं की नाही ते ठरवी. आणि हा माणूस तिचं हाड मोडत होता आणि याची नाडीसुद्धा वाढली नव्हती. रागानं आंधळा झालेला माणूस एक वेळ समजू शकतो. हा तर थंडपणे मारत होता. म्हणजे झोपेचं सोंग? म्हणजे इतकी वर्षं आत कुठेतरी कुणीतरी बसलेलं होतं, जे तिला असंच थंडपणे ठेचू पाहत होतं?

तो जागा झाला. "काय झालं? काय केलं मी?"

"हात लावू नका," ती म्हणाली. त्याच्याशी लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच असं म्हणाली.

दवाखान्यातून तिनं भावाला फोन केला. धाकटा भाऊ पाण्याचा टँकर चालवत असे. लहानपणी वडिलांच्या हाताला भिऊन दोघं एकाच पलंगाखाली लपलेली, त्यामुळे त्याला फार सांगावं लागलं नाही. गळ्यातल्या झोळीत अडकवलेला बहिणीचा हात त्यानं पाहिला, हलणारा दात पाहिला, आणि तो तसाच टँकर घेऊन सुटला. ती त्याच्या मागे रिक्षा करून धावली.

दुकानाच्या अंगणात भट्टी पेटायची वेळ होती. कापूस कोळसा ओढत होता. भावानं त्याला मागून मानेला धरून उठवलं आणि तोंडावर ठोसा मारला. कापसाचं नाक फुटलं. दुसरा ठोसा पोटात. तो वाकला, तशी गुडघ्यानं हनुवटी वर उडवली. तो कोळशाच्या ढिगावर पडला, तेव्हा लाथा.

"माझ्या बहिणीवर हात टाकतोस? माझ्या बहिणीवर?"

कापसानं मनात आणलं असतं तर त्यानं भावाला एका हातानं उचलून रस्त्यापलीकडे फेकलं असतं. त्यानं हात वर केला नाही, तोंडावरसुद्धा घेतला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो बसून राहिला आणि तोंडातलं रक्त थुंकत एवढंच म्हणाला, "मार. तिला जास्त लागलंय."

मिस्त्री आता पार म्हातारा झालेला, पण आवाज शाबूत होता. "अरे ए टँकर! तो बैलाएवढा आणि तू त्याला मारतोस, तो मार खातोय, यावरून काही कळतंय का तुला? का डोक्यात पण पाणीच भरलंय?"

"बायकोला मारताना याचा कापूस कुठे जातो, म्हातारबुवा?"



तिनं भावाला मागे ओढलं. कापूस उठायला गेला, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पुन्हा बसला. सवयीनं तिचा हात त्याला सावरायला पुढे झाला आणि छातीला लागला. आत धडधड चालली होती, पिंजऱ्यातला पक्षी आपटावा तशी. तिनं हात झटकन काढून घेतला. पण ते तिच्या डोक्यात राहिलं. मार खाताना याचं हृदय फुटायला आलं होतं, आणि मारताना मात्र ते आरामात होतं. दोन्ही एकाच माणसाचं.

ती भावाकडे राहू लागली. वहिनी चांगली होती, भाचरं गळ्यात पडत. तरी दुपार कलली की तिचे कान आपोआप टवकारत. काही दिवसांनी मिस्त्री काठी टेकत आला. भावानं त्याला पाणी दिलं, पण खुर्ची दिली नाही. मिस्त्रीनं स्वतःच ओढून घेतली.

"तो दुकानातच झोपतो हल्ली," मिस्त्री म्हणाला. "लोखंडाच्या कपाटामागे. मला म्हणतो, मिस्त्री, बाहेरून कुलूप लावा. काल दुपारी मी फटीतून पाहिलं. पोरी, तो झोपेत घण मारतो. माझ्याबरोबर अर्धं आयुष्य उभा राहिलेला माणूस, मला ओळखू येणार नाही होय?"

"मला माहीत आहे कसा मारतो ते."

"तू काय केलंस त्या दिवशी? नीट सांग."

तिनं डावाचं सांगितलं. मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! टक् म्हणजे 'इथे मार'! एवढी वर्षं त्याच्या कानात तेच आहे. तू हातोडी वाजवलीस, त्यानं घण घातला."

दुकानात तिनं पहिल्याच दिवशी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हळूच म्हणाली, "आणि हृदय? ते का शांत होतं?"

"ते मला काय ठाऊक? मी कमानी दुरुस्त करतो. पण शहरातल्या मोठ्या दवाखान्यात झोप तपासतात म्हणे. त्याला चल म्हटलं तर म्हणतो, ती आली तर येतो. नाहीतर मला काय कळून उपयोग."

"ताई, तू जाणार नाहीस," भाऊ म्हणाला.

"परत जाणार नाही," ती म्हणाली. "बघायला जाणार आहे. मला एकदा लांबून बघायचंय, की मी कोणाबरोबर संसार केला."

तो रात्री जागणारा माणूस म्हणून दवाखान्यानं तपासणी दिवसा ठेवली. एका लहान खोलीत पडदे लावून त्याला झोपवलं. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, छातीला, पायांना वायरी. तिच्याकडे बघून तो ओशाळून म्हणाला, "भट्टीवर उघडून ठेवलेला ट्रक झालाय माझा." ती हसली नाही. काचेपलीकडच्या खोलीत, मशीनच्या पडद्यासमोर डॉक्टरीणबाईंच्या शेजारी ती बसली. बाई तरुण होत्या आणि तिच्या गळ्यातल्या झोळीकडे बघून त्यांनी खुर्ची जरा जवळ ओढून दिली होती.

बराच वेळ काही झालं नाही. पडद्यावर ओळीखाली ओळ रेघा सरकत होत्या.

"आता गाढ झोपलेत," बाई सांगत होत्या. "मेंदूच्या लाटा मोठ्या, सावकाश. हृदयही सावकाश, श्वासही. आपल्या शरीरात दोन कारभार असतात. हात-पाय आपल्या हुकमावर चालतात. हृदय, श्वास, घाम, रक्तदाब, पोट यांचा कारभार वेगळ्या नसांकडे. तो आपल्याला न विचारता चालतो. झोपेतही चालूच. पण मेंदूचं आणि त्या कारभाराचं सतत बोलणं सुरू असतं. स्वप्नाची झोप आली की ते बोलणं बदलतं. बघा, डोळे हलायला लागले."

पापण्यांखाली त्याचे डोळे भिरभिरत होते.

"स्वप्नात मेंदू जवळजवळ जागा असतो. धावतो, भांडतो. म्हणून त्या वेळी मेंदूच्या बुडाशी एक कडी लागते आणि अंग लुळं पडतं. हृदय मात्र स्वप्नाबरोबर थोडं कमीजास्त होतं. तुम्ही-आम्ही स्वप्नात कितीही मारामारी केली तरी पलंगावर बोटसुद्धा हलत नाही, ते त्या कडीमुळे." बाईंनी हनुवटीच्या रेघेवर बोट ठेवलं. ती सपाट असायला हवी होती, पण काटेरी झाली होती. "यांची कडी लागत नाही."

तेवढ्यात तो उसळला. हनुवटीची वायर तुटली. त्यानं हवेत कुणाला तरी गळ्याला धरलं आणि खाली दाबलं. ठोसा, ठोसा, ठोसा. गादी उडत होती. "सोड! सोड तिला, मुडदा पाडीन!" आवाज काचेतून येत होता. एक लाथ पलंगाच्या कठड्यावर बसली आणि कठडा वाकला. आतली परिचारिका भिंतीला चिकटली. काचेबाहेर बसलेली ती मात्र मशीनच्या पडद्यावरून नजर काढत नव्हती, कारण बाईंनी एका रेघेकडे बोट दाखवलं होतं.

"हे हृदय."

ठोशांवर ठोसे पडत होते आणि ती रेघ आपली एका लयीत चालली होती.

"बघा!" ती जवळजवळ ओरडली. "हेच! हेच मला हाताला लागलं होतं. शांत! म्हणजे ते थंड डोक्यानं मारतात ना?"

बाई वळल्या. त्यांना प्रश्न कळायला क्षणभर लागला, आणि कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"नाही हो. उलट आहे. खरा राग आला, खरं मारायचं ठरवलं, तर हृदयाला आधी खबर जाते. नाडी वाढते, घाम फुटतो, रक्त हातापायांकडे धावतं. तुम्ही ठरवून थंडपणे मारायला गेलात तरी एवढे जोरात हात चालवताना हृदय वाढतंच. इथे हात चाललेत, पण खबर हृदयापर्यंत नीट पोचतच नाहीये. ज्या नसा ती पोचवतात, त्या मंदावल्यात; जागेपणी अजून पोचते, स्वप्नाच्या झोपेत नाही."

"म्हणजे ते सोंग नाही?"

"असं सोंग कुणाला करता येणार नाही. बाकी त्यांच्या मनात काय आहे ते माझी मशीन सांगत नाही. मी एवढंच सांगते, की हे झोपेत होतंय."

काचेपलीकडे तो जागा झाला होता. वाकलेल्या कठड्याकडे बघत होता आणि मग घाबऱ्या नजरेनं खोलीभर कुणाला तरी शोधत होता. परिचारिकेनं काहीतरी सांगितलं, तेव्हा त्यानं काचेकडे पाहिलं आणि त्याचे खांदे खाली आले.

ती आत गेली. "कोणाला मारत होता?" तिनं विचारलं. "या वेळी सांगायचं."

त्यानं हनुवटीची तुटलेली वायर बोटाला गुंडाळली. "कोणीतरी तुला ओढत नेत असतं," तो म्हणाला. "कधी कुत्रे असतात, कधी माणूस. मी त्याला मारतो. जागा होतो तर तूच रक्तबंबाळ. हे तुला कसं सांगणार होतो? तुला वाचवत होतो म्हणून तुला मारलं, असं? कुणीही माझ्या थोबाडीत मारली असती."

ती त्याच्या शेजारी पलंगावर बसली. तिनं उजवा हात त्याच्या छातीवर ठेवला. धडधड होत होती, जागेपणी व्हावी तशी.

पुढे बाईंनी दोघांना समोर बसवून बाकीचं सांगितलं आणि ते गोड करून सांगितलं नाही. वास जाणं, उठताना अंधारी येणं, पोट साफ न होणं, आणि हे मंद हृदय, हे सगळं एकाच माळेतलं होतं. न विचारता चालणारा कारभारच हळूहळू थकत होता. ज्या रेघेनं तिला तिचा माणूस परत दिला, तीच रेघ हेही सांगत होती. पुढे काही वर्षांनी हाताला कंप येऊ शकतो, चाल मंदावू शकते. बऱ्याच जणांना येतो, कधी ते सांगता येत नाही. गोळी होती, तिनं मारामारी कमी होणार होती, पण बंद होईलच असं नाही. एका पलंगावर झोपायचं नाही. खोलीत कठीण, टोकदार काही ठेवायचं नाही. घण उचलायचा नाही. अंधारी आली तर तो कुणाच्या डोक्यात जाईल.

"तुम्हाला परत राहायला जायचं असेल तर," बाई म्हणाल्या, "घाबरून राहू नका आणि डोळे झाकून विश्वास टाकूनही राहू नका. तुम्हाला दुखापत होऊ शकते, हे खरं आहे."

ती परत गेली. भावानं पलंगाचे सुटे भाग स्वतः टँकरवर चढवून नेऊन विकले, आतल्या खोलीतलं कपाट बाहेर काढलं, भिंतींना जाड गाद्या ठोकल्या. काम संपल्यावर तो कापसापुढे येऊन उभा राहिला.

"भावोजी, एक ठेवून द्या मला. नाहीतर मला झोप लागायची नाही."

"जागेपणी जमत नाही रे," कापूस म्हणाला.

"मग दुपारी येऊ?"

ती स्वयंपाकघरात होती. बऱ्याच महिन्यांनी ती खळखळून हसली आणि मोडलेल्या हाडात कळ आली तरी हसत राहिली.

मिस्त्रीनं तिला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणि आपली जुनी हातोडी दिली. दोन्ही तिनं बाहेरच्या खोलीत, आपल्या सुया-दोऱ्यांच्या डब्याशेजारी ठेवली. एका दुपारी आतून पुन्हा आवाज सुरू झाला. ती दारात जाऊन उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. तो गुडघ्यांवर होता, ओठ फाटलेला, हनुवटीवरून रक्त गळत होतं. दोन्ही हातांची मूठ डोक्याच्या वर उचललेली, आणि ती स्वतःच्याच मांडीवर उतरायला निघालेली. तिनं हातोडी रुळावर आडवी सोडून दिली.

टिण् टिण् टिण्.

हात हवेत थांबले. क्षणभर तसेच राहिले, त्या पहिल्या संध्याकाळी दुकानात हाच आवाज ऐकून थांबत होते तसे. मग सैल पडत पडत गादीवर आले, आणि तो आडवा होऊन घोरू लागला. दर वेळी असं होत नाही. कधी तो ऐकतो, कधी नाही. न ऐकलं की ती दार ओढून घेते आणि आवाज थांबेपर्यंत बाहेरून नाव घेऊन हाका मारत राहते.

मिस्त्री आता दुकानात येत नाही. त्याच्या स्टुलावर कापूस बसतो आणि हातोडी धरतो. घण दुसरा कुणीतरी मारतो. सकाळी तो घरी येतो, जेवतो, आणि आतल्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर एकटाच झोपतो.